चार्जरवरच्या पट्ट्याची पावलं

उशीला अभ्रा चढवत होते. एक कोपरा आत गेला होता, दुसरा बोटांत धरलेला होता, तेवढ्यात वन्सं चपला न काढताच आत आल्या. चपला न काढता त्या कधी येत नाहीत, म्हणून मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. तोंड पांढरंफटक पडलेलं.

“वहिनी, सकाळी मी मनगटाचा पट्टा काढून चार्जिंगला लावला तेव्हा तू इथेच होतीस ना?”

“होते की. रोज लावता तसा लावलात.”

“मग हे बघ.” त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. “दुपारी दोन ते सव्वादोन. एकशे चौपन्न पावलं. आणि खाली बघ, ठोके. शंभर, एकशे चार, अठ्ठ्याण्णव. पट्टा चपलांच्या कपाटावर वायरीला लागून पडलाय, घरात कुणी त्याला हात लावत नाही, आणि त्याच्या हृदयाचे ठोके पडतायत.”

मी उशी तशीच टाकली. अभ्रा अर्धा आत, अर्धा बाहेर, तसाच रात्रीपर्यंत पलंगावर पडून होता. मी रोज वही लिहिते. त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे: ‘चपलांच्या कपाटावर कुणाचे तरी ठोके. एक माळ जादा केली.’

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची धाकटी बहीण. वय एक्केचाळीस, लग्न केलं नाही, शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहेत, एकोणीस वर्षं झाली. त्यांचं काम मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. लांबलचक पांढरं टेबल, वर डोळे दिपतील असा उजेड, आणि शर्टामागून शर्ट येतोय. वन्सं आधी कॉलर पाहतात, मग खांदे, मग बाह्या उलट्या करून शिवण. एका शर्टाला एक मिनिटसुद्धा लागत नाही. कुठे टाका सुटला, डाग पडला, काज वाकडं झालं, की तिथे लाल रंगाचा बाणाच्या आकाराचा छोटा स्टिकर लावायचा आणि शर्ट बाजूला टाकायचा. कारखान्यात त्यांना सगळे बाणाबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्यांनाही राग येत नाही.

बाणांचं एक भेंडोळं त्यांच्या पर्समध्ये कायम असतं, त्यामुळे आमचं घर बाणांनी भरलेलं आहे. गळक्या नळावर बाण. कानफुट्या कपावर बाण. मी शिवलेल्या पडद्यावर, जिथे टीप जराशी सरकली, तिथे बाण. एकदा ह्यांच्या शर्टाच्या पाठीवर लावला, इस्त्री नीट नव्हती म्हणून. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. दिवसभर तसेच हिंडले आणि संध्याकाळी म्हणाले, आज सगळे शिकाऊ माझ्या पाठीकडे बघून का हसत होते कोण जाणे.

वन्संचा एक नियम आहे. घरातल्या भिंतींनाही तो पाठ झाला असेल. “एक चूक कामगाराची. तीन वेळा तीच चूक त्याच जागी आली, तर मशीनची.” काज तीन शर्टांवर त्याच बाजूला वाकडं असेल, तर पोरीला बोलायचं नाही, मशीन थांबवायचं. या नियमाने त्यांनी कितीतरी पोरींची नोकरी वाचवली आहे. मला तो ऐकायला नेहमी आवडायचा. देवाघरचा न्यायही असाच असावा असं वाटायचं.

पट्टा त्यांना कारखान्यानेच दिला. वर्षभरात एकही शर्ट गिऱ्हाइकाकडून परत आला नाही म्हणून बक्षीस. मनगटाला बांधायचा, काळा, रबरी; पावलं मोजतो, ठोके मोजतो, झोप मोजतो. पण तपासणीच्या टेबलावर घड्याळ, अंगठी, बांगडी काही चालत नाही, कापडाचा धागा ओढला जातो. म्हणून वन्सं सकाळी फिरायला जाताना पट्टा घालतात, आल्यावर काढून पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर चार्जिंगला लावतात आणि कामाला जातात. संध्याकाळी आल्या की पुन्हा मनगटावर.

आता बक्षीस मिळालेली वस्तू दुसरं कुणी कौतुकाने मिरवली असती. वन्संनी पहिल्याच आठवड्यात तिची तपासणी सुरू केली. कपड्यांच्या घड्या घालताना पट्टा पावलं मोजतो, हा पहिला दोष. दुसरा माझ्यामुळे सापडला. एक दिवस गंमत म्हणून त्यांनी पट्टा माझ्या हातात बांधला आणि मी त्याच हाताने माळ ओढत बसले. जप संपला तेव्हा पट्ट्यावर नऊशे पावलं जास्त.

“वहिनी, तू बसल्या जागी देवापर्यंत चालत गेलीस,” वन्सं म्हणाल्या, आणि लगेच फोनवर तक्रार लिहायला बसल्या.

कंपनीचा एक फोरम आहे. ज्यांच्याकडे पट्टा आहे ते सगळे तिथे आपापल्या अडचणी लिहितात, एकमेकांना उत्तरं देतात, कधीमधी कंपनीचा माणूसही येतो. बाकी लोक तिथे ‘बकवास वस्तू’, ‘काहीतरी करा’ असं लिहितात. वन्सं लिहितात ते असं: दिवस कोणता, वेळ कोणती, मी काय करत होते, पट्ट्याने काय दाखवायला हवं होतं, काय दाखवलं. शेवटी, किती वेळा. तीन वेळा झाल्याशिवाय त्या लिहितच नाहीत. वर्षभरात अकरा तक्रारी केल्या, त्यांतल्या नऊ कंपनीने मान्य करून दुरुस्त केल्या. ही आकडेवारी त्या ह्यांना अधूनमधून ऐकवतात.

“पगार देतात का तुला?” हे विचारतात.

“तू गाडी शिकवताना शेजारच्या सीटवर ब्रेक दाबतोस त्याचा वेगळा पगार घेतोस का?”

असा सगळा कारभार. आणि या कारभारात एक माणूस बाहेरच्या खोलीत पलंगावर होता, त्याबद्दल आता लिहायला हवं.

सासूबाई आठ महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालवा. वन्संनी त्यांना दंडाला धरून चालवायला घेतलं. दुसऱ्या महिन्यात एक दिवस पॅसेजमध्ये चालवत असताना वन्संचा फोन वाजला. एका हाताने फोन काढायला त्यांनी दुसरा हात एक क्षण सोडला आणि सासूबाई खाली गेल्या. मोडलं काही नाही, पण कपाळाला तीन टाके पडले. त्या दिवसानंतर वन्संनी सांगून टाकलं, आई चालणार नाही. चाकांची खुर्ची आणली. पलंगावरून खुर्चीत बसवायचं, बाथरूमच्या दारापर्यंत न्यायचं, आत धरून बसवायचं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तशा त्या फटकळ आहेत, म्हणून त्यांचं गप्प बसणं मला टोचायचं. मी जे करू शकते ते केलं. रोज दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात देवासमोर बसायचं, पाठ पॅसेजकडे, डोळे मिटलेले, आणि माळ ओढत एकच मागायचं: देवा, यांचे पाय यांना परत दे.

वहीत सहा महिन्यांच्या पानांवर आहे: ‘दुपारी दोन ते तीन जप. मन लागलं.’

तर पट्टा. पहिल्या दिवशी वन्संनी तक्रार लिहिली नाही, नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशीही दोन वाजता पावलं. तिसऱ्या दिवशीही. मग लिहिली. ‘तीन दिवसांपूर्वी नवं अपडेट आलं. तेव्हापासून चार्जरवर ठेवलेला पट्टा रोज दुपारी दोन वाजता दीडशेच्या आसपास पावलं आणि ठोके दाखवतो. घरात पट्ट्याला कुणी हात लावत नाही. अपडेटपूर्वी एकदाही झालं नाही.’

संध्याकाळपर्यंत तक्रारीखाली जत्रा जमली. एकसष्ट जणांनी लिहिलं, आमचाही तसाच करतो. कुणी लिहिलं, खालून ट्रक जातो त्याचा हादरा असेल. कुणी लिहिलं, पट्ट्याचा दिवा कागदाच्या गुंडाळीवर पडला तरी ठोके दाखवतो, मी करून पाहिलंय. कंपनीच्या माणसाने लिहिलं, अपडेटमध्ये सावकाश चालणाऱ्यांची पावलं पकडण्याची सुधारणा केली आहे, तीच जरा जास्त झालेली दिसते, आम्ही तपासतो.

वन्संना एवढ्याने झोप येईना. त्यांनी चार्जर बदलला. पावलं आलीच. पट्ट्याखाली टॉवेलची चौपदरी घडी ठेवली, म्हणजे हादरा लागायला नको. पावलं आलीच. मग एक दिवस पट्टा पर्समध्ये घालून कारखान्यात नेला. त्या दिवशी एकही पाऊल नाही.

त्या दुपारी मी सासूबाईंना औषध द्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “आज पट्टा नेला वाटतं तिने?”

“हो. तपासणी चाललीय.”

“हं,” म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. दिवसभर घुश्श्यात होत्या. मला वाटलं गोळीने पित्त झालं असेल. वहीत ‘सासूबाईंना पित्त’ असं लिहिलंय. आता ते पान बघवत नाही.

त्याच सुमारास, मागच्या सोमवारी, वन्संनी जेवताना एक पाकीट टेबलावर ठेवलं. कारखान्याचा नवा भाग दुसऱ्या गावात सुरू होतोय. तिथल्या सगळ्या तपासणी विभागाच्या मुख्य म्हणून वन्संना बोलावलंय. हाताखाली तीस माणसं. राहायला खोली. उत्तर पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचं.

हे उठून उभेच राहिले. “अगं मग?”

“मग काय, नाही म्हणणार. आईचं कोण बघणार?”

“मी काय या घरात पाहुणी आलेय?” मी म्हटलं. जरा लागूनच म्हटलं.

“तसं नाही वहिनी. तुला ती उचलत नाही. रात्री दोनदा उठवावं लागतं. आणि…” पुढे त्या बोलल्या नाहीत. कपाळावरचे तीन टाके त्यांच्या डोळ्यांसमोर असतात हे मला माहीत आहे. एकोणीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, तिच्या हातून झालेली ती एक.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “पाणी हवंय मला.” मी नेऊन दिलं. त्यांनी पेला हातात घेतला आणि प्यायल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्याची पावलं दुप्पट झाली. तीनशे आठ. बरोबर तीनशे आठ, रोज.

या बुधवारी वन्संनी वायरमनला बोलावलं. पट्टा कारखान्यात नीट वागतो आणि घरात नाही, म्हणजे दोष घरातल्या विजेत, असा हिशेब. वायरमनने पॅसेजमधला प्लग उघडला, टेस्टर लावला, पुन्हा बंद केला.

“ताई, वीज एकदम ठीक आहे.”

“मग हा दोन वाजता चालतो कसा?”

“कोण चालतो?”

“पट्टा.”

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहिलं. जाता जाता तो म्हणाला, “भिंत तेवढी पुसून घ्या, हात लावून लावून काळी झालीय.” खरंच, पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टी दिसते. मी दर आठवड्याला पुसते आणि ह्यांना बोलते, कारण हे भिंतीला टेकून बूट काढतात. हे म्हणतात मी टेकत नाही. वन्संनी तर कधीच त्या डागावर लाल बाण लावून ठेवला होता.

फोरमवर घुबड नावाने लिहिणारे कुणी आहेत. चित्रही घुबडाचंच. फार बोलत नाहीत. त्यांनी वन्संना लिहिलं होतं, फोनमधून पट्ट्याची पूर्ण नोंद काढून पाठवा, प्रत्येक सेकंदाची. वन्संनी बुधवारी संध्याकाळी पाठवली. गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी उत्तर आलं. वन्संनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला आवाज बंद झाला. मग मी वाचलं.

‘ताई, हा बिघाड नाही. हे माणूस आहे. पाय मोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे माझं काम, बावीस वर्षं केलं. एक पाऊल नीट, दुसरं उशिरा. चौदा पावलं झाली की थांबणं, वळणं, पुन्हा चौदा. थांबल्यावर ठोके उतरतात, मग पुन्हा निघणं. मागच्या मंगळवारपासून फेऱ्या अकराच्या बावीस झाल्या आहेत. हे कुणीतरी भिंत धरून चालतंय आणि कसली तरी घाई करतंय. तुमच्या घरात चौदा पावलांची जागा कोणती?’

चहा निवून गेला. वन्सं उठल्या, पॅसेजच्या या टोकाला उभ्या राहिल्या आणि चालल्या. त्यांची नऊ पावलं झाली. मग परत येताना त्यांनी पाय घासत, छोटी छोटी टाकली. चौदा.

आम्ही दोघी बाणाकडे बघत उभ्या राहिलो. बाणाच्या टोकाशी भिंतीवर चार बोटं उमटलेली होती. इतकी स्पष्ट, की ती दर आठवड्याला पुसताना मला दिसली कशी नाहीत हे देवच जाणे.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “चहा मिळेल का, की उपाशी ठेवायचंय?”

“आणते, आई,” मी म्हटलं. नेताना अर्धा बशीत सांडला.

वन्सं म्हणाल्या, “काही बोलू नकोस. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही धरत नाही. उद्या दुपारी मी मागच्या दाराने येते. तू रोजच्यासारखी बस.”

“खोटा जप करू?”

“खराच कर. फक्त कान उघडे ठेव.”

आज शुक्रवार. दोनला दहा मिनिटं असताना वन्सं मागच्या दाराने आल्या, चपला हातात, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. मी चटईवर बसले. माळ हातात घेतली. सासूबाईंचा आवाज आला, “सूनबाई, रेडिओ जरा मोठा कर गं. ऐकू येत नाही.”

हे रोजचंच. सहा महिने… नाही, तीन महिने असतील, रोज दोन वाजता त्या रेडिओ मोठा करायला सांगतात आणि मी करते. त्यांचं मन रमतंय म्हणून मला बरं वाटायचं. आज रेडिओचं बटण फिरवताना कळलं, तो कशासाठी मोठा करायचा.

बसले. डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग रेडिओच्या आवाजाखाली, ऐकायचंच म्हटलं तर ऐकू येईल असं: पलंगाची करकर. मग थप्. मग घस्. थप्. घस्. चार्जरची वायर कपाटावर टक्कन आपटली. मग पॅसेज.

माझ्या पाठीमागे पाच हातांवर माझी सासू चालत होती. मी सहा महिने देवाकडे जिचे पाय मागत होते, ती माझ्या पाठीमागून चालत येत होती, वळत होती, परत जात होती. आणि वहीत काय, तर मन लागलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते भक्तीचं होतं की लाजेचं, माझं मला कळलं नाही.

वन्संनी दाराच्या फटीतून पाहिलं. पाचव्या फेरीला सासूबाईंचा तोल किंचित गेला असावा, कारण वन्सं सुटलेल्या बाणासारख्या पुढे झाल्या. मी बसल्या जागेवरून माळेचा हात वर करून त्यांच्या ओढणीचं टोक धरलं. सासूबाई दचकल्या असत्या तर पडल्या असत्या. वन्संनी खाली माझ्याकडे पाहिलं. तोंडाने काही न बोलता त्या रडत होत्या. तशाच थांबल्या. सतरा फेऱ्या आणखी. मी प्रत्येक फेरीला एक मणी ओढला. इतका खरा जप माझ्या हातून आजवर झालेला नाही.

बावीस झाल्या. सासूबाईंनी पट्टा मनगटावरून काढला, डोळ्यांजवळ नेऊन आकडा पाहिला, चार्जरला लावला, टॉवेलची घडी सरळ केली. मग पलंगापर्यंत पट्ट्याशिवाय गेल्या. ती पावलं कुठेच नोंदली गेली नाहीत. त्या पलंगावर नीट टेकल्यावर मी ओढणी सोडली.

वन्सं जाऊन समोर उभ्या राहिल्या. सासूबाईंचा श्वास अजून वर होता. मी रेडिओ बंद केला.

“कामाला गेली नाहीस?” सासूबाई म्हणाल्या.

“कधीपासून?”

“तीन महिने. आधी पलंगाभोवती. मग दारापर्यंत.”

“पट्टा कशाला?”

“मोजायला. शंभराच्या पुढे मी चुकते. आधी मेला मोजायचाच नाही. मी घामाघूम आणि त्याचं आपलं शून्य. टाकून दिला असता. मग तीन आठवड्यांपूर्वी अचानक शहाणा झाला, मोजायला लागला. तुझा सकाळचा आकडा लक्षात ठेवायचा, तो वजा केला की उरतील ते माझे. वजाबाकी माझी शाळेपासून बरी आहे.” मग थांबून म्हणाल्या, “तो फोनवर चुगल्या करतो हे मला काय माहीत.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू दंड धरला असतास.”

वन्संचं तोंड एकदम आवळलं. “आणि मंगळवारपासून दुप्पट? मला घरातून घालवायला एवढी चाललीस?”

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “शनिवारच्या आत पाचशे करणार होते आणि मग तुझ्यासमोर चालून दाखवणार होते. जमलं नाही. तीनशे आठच झाली.”

“पडली असतीस तर?”

“ऑपरेशननंतर किती वेळा पडले मी?”

वन्संची नजर त्यांच्या कपाळावर गेली.

“बोल की. किती वेळा?”

“एकदा.”

“एक चूक कामगाराची, असं तूच म्हणतेस ना? तीन वेळा झालं की मशीनची. मी एकदा पडले आणि तू मशीनच बंद करून टाकलंस.”

एकोणीस वर्षांत वन्संना त्यांचाच नियम कुणी असा परत दिला नसेल. त्या हळूहळू खाली बसल्या, फरशीवर, आणि आईचा गाऊन गुडघ्यापर्यंत वर करून पाय बघायला लागल्या. आधी उजवा, मग डावा. कॉलर, खांदे, बाही बघतात तसं, घोटा, पोटरी, गुडघा. बोटांनी दाबून. बराच वेळ. शेवटी म्हणाल्या, “डावा अजून ओढतेस.”

“लाव मग बाण,” सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि हुंदकाही आला, दोन्ही एकदम. वन्सं म्हणाल्या, उद्यापासून चोरून नाही, सकाळी चालायचं, वहिनी जागी असताना.

“दुपारीही मी जागीच असते,” मी म्हटलं.

“दिसलं ते,” सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी हे आले, ऐकलं, आणि चपलांच्या कपाटावरच मटकन बसले. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “तरी मी सांगत होतो, तो डाग माझा नाही.” त्यांना मी इतके आठवडे बोलले, ते परत घ्यायला हवं. तसं मी म्हटलंही.

वन्सं फोरमवर लिहायला बसल्या. एकसष्ट लोक त्या तक्रारीमागे उभे होते आणि कंपनी दुरुस्ती करायला निघाली होती. दुरुस्ती झाली असती तर हळू चालणाऱ्यांची पावलं पुन्हा मोजली गेली नसती. त्यांनी लिहिलं: ‘माझी तक्रार मागे घेते. अपडेट बरोबर आहे, काढू नका. पट्टा माझ्या आईच्या हातात होता. ती चालत होती. तपासण्यात चूक माझी.’ पाठवायच्या बटणावर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या. अकरा तक्रारींत कधी एक मागे घेतली नव्हती. मग दाबलं.

घुबडाचं उत्तर लगेच आलं. ‘काठी द्या. भिंत सगळीकडे नसते.’

ते वाचून सासूबाई म्हणाल्या, “हा माणूस शहाणा दिसतो.” माझ्या वडिलांची जुनी काठी माळ्यावर होती, ती ह्यांनी काढून दिली. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, फरशीवर सरकते. वन्संनी उलटी करून पाहिलं, पर्समधून एक लाल बाण काढला आणि रबरावर लावला.

मग पाकीट आणून त्यांनी टेबलावर पत्र लिहिलं. चार ओळींचं. मला वाचायला दिलं, शुद्धलेखन बघ म्हणून. मी बघितलं, ठीक होतं. सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, काय लिहिलंस. वन्सं म्हणाल्या, “जे तुला हवं होतं ते.” आणि पुढे, “पण रोज संध्याकाळी मला तुझा आकडा कळला पाहिजे. पट्टा इथेच राहील.”

“म्हणजे चुगली चालूच,” सासूबाई म्हणाल्या.

मी आता हे सगळं लिहून काढतेय. उद्या शनिवार. सकाळी नऊ वाजता वन्सं कारखान्याच्या ऑफिसात होकाराचं पत्र द्यायला जाणार आणि येताना काठीच्या टोकाला बसणारं नवं रबर आणणार.